आई-बाबांना जर्मनीला बोलवायचंय? व्हिसाबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं स्टुटगार्टला आहे, गाव कराडच्या अलीकडे, बाबा शेतकरी आणि आई अंगणवाडीत होती. त्यांचा पहिला व्हिसा रिजेक्ट झाला आणि दुसऱ्यांदा मिळाला, म्हणजे दोन्ही गोष्टी घरात बघून झाल्यात. तेव्हापासून इथली मराठी मंडळी, त्यांचे मित्र, मित्रांचे मेव्हणे सगळे फोन करून तेच तेच विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. हे जर्मनीपुरतं आहे आणि भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आहे. फ्रान्स-इटलीचे मूळ नियम तेच असले तरी कागदांची यादी वेगळी असते. आणि फी, नियम बदलत राहतात, तेव्हा अर्जाच्या आधी दूतावासाच्या साइटवरची ताजी यादी प्रिंट काढून समोर ठेवाच.

आई-बाबांना नेमका कुठला व्हिसा लागतो?

तीन महिन्यांपर्यंत भेटायला यायचं असेल तर शेंगेन व्हिसा, टाइप सी. शेंगेन म्हणजे एकच व्हिसा चालणारा युरोपातल्या देशांचा गट. स्टिकरवर तसा सी छापलेला असतो. टाइप डी म्हणजे नॅशनल व्हिसा, तो शिक्षण, नोकरी, कायम राहायला येणं यासाठी. आई-बाबा नातवाला बघायला येणार असतील तर सी, विषय संपला. कुणी एजंट सांगेल की डी काढून देतो, सहा महिने राहता येईल, तर तिथून उठा.

या व्हिसावर कुठे कुठे फिरता येतं? लंडन चालतं का?

लंडन नाही चालत, ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढायचा. आयर्लंड पण वेगळा. शेंगेनमध्ये सध्या २९ देश आहेत, १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या छोट्या गावात करार झाला म्हणून हे नाव. क्रोएशिया २०२३ ला आला, रोमानिया आणि बल्गेरिया जमिनीच्या सीमेसकट पूर्ण आत आले ते १ जानेवारी २०२५ पासून. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे आई-बाबांना स्वित्झर्लंडचा बर्फ दाखवायला वेगळा व्हिसा लागत नाही.

पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे मुक्कामावर ठरतं. सगळ्यात जास्त दिवस जिथे राहणार त्या देशाकडे, दिवस सारखेच असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार त्या देशाकडे. काही जण म्हणतात अमुक देशाचा व्हिसा पटकन मिळतो म्हणून तिकडे टाकू आणि राहू जर्मनीत, हे करू नका, खोटं ते खोटंच आणि पुढच्या अर्जात आई-बाबांनाच उत्तर द्यावं लागतं.

९० दिवस म्हणजे तीन महिने ना?

नाही. ९० म्हणजे मोजून ९० दिवस, आणि तेही कुठल्याही १८० दिवसांत मिळून. उतरल्याचा दिवस धरायचा, निघाल्याचा दिवस पण धरायचा. समजा आई १ एप्रिलला फ्रँकफर्टला उतरली तर एप्रिलचे ३०, मे चे ३१, जूनचे २९, झाले ९०, म्हणजे २९ जूनला तिने शेंगेनच्या बाहेर पडलं पाहिजे, ३० जूनचं तिकीट काढलं तर एक दिवस जास्त. परत यायचं असेल आणि व्हिसा तसा असेल तर २८ सप्टेंबरपासून परत दिवस मोकळे व्हायला लागतात. हे डोक्यात करत बसू नका, युरोपियन कमिशनच्या साइटवर कॅल्क्युलेटर आहे, तारखा टाकल्या की सांगतो.

पूर्वी लोक पासपोर्टवरचे शिक्के मोजायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस नावाची सिस्टिम टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यात येण्याजाण्याची नोंद कॉम्प्युटरवर होते. त्यामुळे शिक्का पुसट होता, कुणाला कळणार नाही वगैरे विचार मनात पण आणू नका.

किती आधी अर्ज करायचा?

प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, जास्त चौकशी लागली तर ४५ पर्यंत जाऊ शकतो. पण हे दिवस अर्ज आत गेल्यावर सुरू होतात, खरी वाट बघायला लागते ती अपॉइंटमेंटची. मे महिन्याच्या सुट्टीत सगळा महाराष्ट्र निघतो, त्यामुळे एप्रिल-मे ला यायचं असेल तर जानेवारीतच हालचाल सुरू करा. बाळंतपणासाठी येणार असतील तर डॉक्टरांनी तारीख दिली की त्याच आठवड्यात कामाला लागा, सातव्या महिन्यात जागे झालेली जोडपी मी बघितलीत आणि मग पहिले पंधरा दिवस दोघंच बाळाला घेऊन रात्ररात्र जागत होते.

सुरुवात कुठून करायची? माझ्याकडून काय लागतं?

सुरुवात तुमच्याकडून, जर्मनीतूनच. तुम्ही आई-बाबांचा खर्च करणार असाल तर फरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग लागतं. नाव तोंडात बसेपर्यंत दम लागतो म्हणून इथे सगळे नुसतं व्हीई म्हणतात. साधं इन्व्हिटेशन लेटर वेगळं आणि हे वेगळं. लेटर तुम्ही घरी बसून लिहिता. व्हीई तुमच्या गावच्या आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसात, जाऊन त्यांच्यासमोर सही करून घ्यावं लागतं, फी २९ युरो. तुम्ही कायद्याने हमी देता की यांचा राहण्या-खाण्याचा, आजारपणाचा, वेळ पडली तर परत पाठवायचा खर्च माझा. ती हमी नावाला नसते, सरकारचा खर्च झाला तर तुमच्याकडून वसूल होतो, हे समजूनच सही करा.

तिकडे साधारण तुमचा पासपोर्ट, रेसिडेन्स परमिट, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा आणि घराचं भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट मागतात, प्रत्येक शहराची यादी थोडी वेगळी. आई-बाबांची नावं पासपोर्टवर जशी आहेत तशीच द्या, एक अक्षर इकडेतिकडे नको. आणि कागद हातात आल्यावर लगेच बॅगेत कोंबू नका, तिथेच उभं राहून वाचा. त्यावर तुमच्या ऐपतीबद्दल एक ओळ असते, तिथे नाखगेवीझन म्हणजे सिद्ध झाली असं पाहिजे. ग्लाउबहाफ्ट म्हणजे नुसतं पटण्यासारखं असं आलं तर कमी वजनाचं धरतात, मग काय कमी पडलं ते तिथेच विचारा.

ओरिजिनल कागद भारतात कुरिअरने पाठवायचा, स्कॅन चालत नाही. आणि तो सहा महिन्यांपेक्षा जुना नको, त्यामुळे फार आधी पण करून ठेवू नका.

अर्ज कुठे द्यायचा? मुंबईलाच जावं लागतं का?

महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटच्या अखत्यारीत येतात, पण तुम्ही थेट तिकडे जात नाही, कागद गोळा करायचं काम व्हीएफएस नावाच्या कंपनीच्या सेंटरवर होतं. मुंबईत आहे, पुण्यात पण आहे. आमच्या घरच्यांना पुणंच बरं पडलं, पहाटेच्या गाडीने जाऊन संध्याकाळी घरी.

एक लक्षात ठेवा, सेंटरवरची माणसं व्हिसा देत नाहीत आणि नाकारत पण नाहीत. ते कागद तपासून, बोटांचे ठसे घेऊन पुढे पाठवतात. निर्णय कॉन्सुलेटमधले अधिकारी घेतात, आणि त्यांना तुमचे आई-बाबा दिसत नाहीत, फक्त फाइल दिसते. या एका वाक्यावर सगळा अर्ज उभा आहे, म्हणून खाली मी कागदांबद्दल इतकं लांबलचक लिहिलंय.

फी किती?

मोठ्या माणसाला ९० युरो, ११ जून २०२४ पासून, त्याआधी ८० होती. ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, सहाच्या खालच्यांना काही नाही. वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज, सगळं रुपयात भरायचं. नाकारला तर पैसे परत नाहीत. कुणी अपॉइंटमेंट विकत असेल तर घेऊ नका.

कागद कोणते कोणते?

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर अजून तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी. विडेक्स या जर्मन व्हिसा फॉर्मच्या साइटवर ऑनलाइन भरून प्रिंट काढलेला फॉर्म, त्याच्या बारकोडच्या पानांसकट, सही केलेला. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, ताजा. इन्शुरन्स. व्हीई ओरिजिनल. तुमच्या पासपोर्टची आणि परमिटची कॉपी. तुमचं त्यांच्याशी नातं दाखवणारा कागद, म्हणजे तुमचा जन्मदाखला. त्यांचं बँक स्टेटमेंट, उत्पन्नाचे पुरावे, परत यायची कारणं दिसतील असे कागद. आणि एक कव्हर लेटर.

यादी कुठेही मिळते. खरी गोष्ट पुढच्या प्रश्नात आहे.

सगळे कागद होते तरी रिजेक्ट का होतो?

आमचं सांगतो. पहिल्या वेळी मला वाटलं बाबांच्या खात्यात पैसे कमी दिसतात, म्हणून अर्जाच्या दहा दिवस आधी मी इथून चार लाख पाठवले. कव्हर लेटर एका एजंटकडून करून घेतलं, त्याच्याकडे तयार नमुना होता, त्यात बाबांना रिटायर्ड बिझनेसमन लिहिलं होतं, आणि फॉर्मवर मी शेतकरी लिहिलेलं. तिकिटाचं रिझर्व्हेशन ८५ दिवसांचं आणि माझ्या इन्व्हिटेशनमध्ये दोन महिने. प्रत्येक कागद एकटा बघितला तर बरोबर होता, एकत्र ठेवले की तीन वेगवेगळ्या माणसांची फाइल वाटत होती. नकाराच्या छापील फॉर्मवर दोन ठिकाणी खूण आली, एक खर्चाची सोय सिद्ध झाली नाही आणि दुसरी, मुदत संपायच्या आत परत जायच्या इराद्याबद्दल रास्त शंका आहे.

बाबांनी तो कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि फोनवर इतकंच म्हणाले, मी माझी जमीन सोडून कुठं राहणार आहे का रे. मला फार लागलं ते. त्यांची खरी गोष्ट इतकी भक्कम होती आणि मी ती झाकून ठेवून भलतीच मांडली.

दुसऱ्या वेळी आम्ही फक्त जे आहे ते दाखवलं. बाबांच्या खात्यात साखर कारखान्याचं ऊसबिल येतं, दर दहा दिवसांनी दूध डेअरीचं बिल येतं, ते गेल्या वर्षभराचं स्टेटमेंट जिल्हा बँकेच्या शिक्क्यासकट काढलं, आणि ज्या नोंदी ऊसबिलाच्या होत्या त्यांच्यापुढे पेन्सिलने बारीक लिहिलं. सातबारा आणि आठ-अ काढून इंग्लिशमध्ये भाषांतर करून घेतलं. घरपट्टीची पावती लावली. कव्हर लेटर बाबांच्या तोंडून ऐकून मी लिहिलं, एक पान, की सून बाळंत होणार आहे, आम्ही अमुक तारखेला येतोय, आडसाली लागणीच्या आधी परत यायचंय, तोपर्यंत धाकटा भाऊ जनावरं बघेल. सगळीकडे तारखा एकच. मिळाला.

बाबा शेतकरी आहेत, रिटर्न भरत नाहीत, मग काय दाखवायचं?

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे रिटर्न नसणं यात चूक काही नाही, फक्त ते लेटरमध्ये एका ओळीत सांगा, नाहीतर समोरच्याला वाटतं की कागद राहिला. रिटर्नच्या जागी सातबारा, आठ-अ, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, ऊसबिल, बाजार समितीच्या पट्ट्या, दुधाची बिलं. मराठी कागद तसाच देऊ नका, सोबत इंग्लिश किंवा जर्मन भाषांतर लागतंच. सातबाऱ्यात हेक्टर-आर असतं ते भाषांतरात नीट आलंय का बघा, आमच्या भाषांतरवाल्याने दशांश चिन्ह हलवून एक हेक्टर वीस आरचे बारा हेक्टर करून ठेवले होते, बरं झालं बाबांनी स्वतः बोट ठेवून वाचलं.

रिटायर्ड असतील तर?

सोपं आहे. पेन्शनचा आदेश, पेन्शन जमा होतं ते स्टेटमेंट, असतील तर तीन वर्षांचे रिटर्न, एफडीच्या पावत्या, घराचे कागद. नोकरीत असतील तर रजा मंजूर झाल्याचं पत्र, त्यात परत कामावर रुजू व्हायची तारीख पाहिजे. दुकान असेल तर शॉप अ‍ॅक्ट, जीएसटी असेल तर ते.

खात्यात किती पैसे पाहिजेत?

व्हीई असेल तर मुख्य भार तुमच्या पगारावर असतो, त्यामुळे आई-बाबांच्या खात्यात लाखोंचा डोंगर लागत नाही. नियमित येणं-जाणं दिसलं पाहिजे. खात्यात अचानक मोठी रक्कम आली की प्रश्न उठतो, म्हणून अर्जाच्या तोंडावर पैसे पाठवू नका. खरंच जमीन विकली, एफडी मोडली म्हणून आले असतील तर तो कागद जोडा.

आईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे आणि माझ्या दाखल्यावर सासरचं, चालेल का?

हा आपल्याकडचा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त साखळी जुळली पाहिजे. आपल्याकडे लग्नानंतर कधीकधी पहिलं नाव पण बदलतात, मधे नवऱ्याचं नाव येतं, मग शाळेच्या दाखल्यावर एक बाई, रेशनकार्डवर दुसरी आणि पासपोर्टवर तिसरी. जर्मन अधिकाऱ्याला ही पद्धत माहीत असेलच असं धरून चालू नका.

विवाह नोंदणीचं सर्टिफिकेट असेल तर अर्धं काम झालं. ज्यांची लग्नं ऐंशीच्या दशकात मांडवात लागली त्यांच्याकडे बहुतेक वेळा ते नसतंच. महाराष्ट्रात उशिरा पण नोंदणी होते, लग्नपत्रिका, फोटो, भटजींची सही-माहिती, साक्षीदार घेऊन ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जा. आई-बाबांनी चाळीस वर्षांनी रजिस्टरवर शेजारी शेजारी सह्या केल्या तेव्हा आई लाजून हसत होती असं भावाने सांगितलं. नाव बदलल्याचं गॅझेट असेल तर ते, नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट. तुमच्या स्वतःच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव कसं आहे ते पण बघा, तेच अधिकारी पहिलं बघतो.

इन्शुरन्स कुठला घ्यायचा?

किमान ३०,००० युरोचं कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, अचानक आजारपण, हॉस्पिटल आणि वेळ आली तर भारतात परत नेण्याचा खर्च धरणारं. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तारखा पाहिजेत. भारतात घ्या किंवा इथे, दोन्ही चालतं.

व्हिसासाठी एवढं पुरतं पण तुमच्यासाठी पुरत नाही. बऱ्याच पॉलिसीत आधीपासूनचे आजार बाहेर असतात. बाबांना शुगर असेल, आईला बीपी असेल तर त्यातून काही झालं तर कोण देणार हे पॉलिसीच्या बारीक अक्षरात वाचा, कळलं नाही तर कंपनीला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. इथल्या हॉस्पिटलात एक दिवसाचं बिल पण जड जातं आणि व्हीईवर सही तुमची आहे. थोडं जास्त प्रीमियम देऊन आधीच्या आजारांतली इमर्जन्सी धरणारी पॉलिसी मिळते, तीच घ्या असं माझं ठाम मत आहे.

तिकीट आधी काढायचं का?

रिझर्व्हेशन लावा, पैसे अडकतील असं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका. मात्र रिझर्व्हेशन खरं पाहिजे. पाचशे रुपयात खोटं पीएनआर करून देणारे आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

सेंटरवर काय होतं? आई-बाबांना इंग्लिश येत नाही.

अडत नाही, सेंटरवर मराठी-हिंदी बोलणारी माणसं असतात. कागद तपासतात, फी घेतात, मग दहा बोटांचे ठसे आणि फोटो. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. एकदा दिलेले ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुढच्या अर्जाला वापरता येतात.

आईचे ठसे उठेचनात. आयुष्यभर शेण-माती, भांडी, चुलीची राख, बोटांच्या रेषा पार झिजून गेलेल्या. काचेवर बोटं ठेवली की स्क्रीनवर नुसते करडे डाग यायचे, परत पुसा, परत ठेवा, असं सातआठ वेळा. तिला वाटायला लागलं की आपल्यामुळेच व्हिसा अडणार. शेवटी तिथल्या मुलीने ओल्या टिश्यूने एकेक बोट पुसलं, वरून स्वतःच्या हाताने हळूच दाबून धरलं आणि आले. तुमच्या घरी कष्टाचे हात असतील तर आठवडाभर आधीपासून रोज रात्री बोटांना खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायला सांगा, त्या दिवशी मात्र हात कोरडे, स्वच्छ. आणि आईला आधीच सांगून ठेवा की वेळ लागला तरी काही बिघडत नाही. ज्यांना शारीरिक कारणाने ठसे देताच येत नाहीत त्यांना नियमात सूट आहे.

स्टिकर आला, त्यावर काय बघायचं?

तीन गोष्टी, आणि पासपोर्ट हातात आल्याबरोबर बघायच्या. स्टिकरवरचे शब्द जर्मन असतात, फोन (von) म्हणजे व्हिसा कधीपासून, बिस (bis) म्हणजे कधीपर्यंत, आणि आउफएन्टहाल्टच्या रकान्यात किती दिवस राहता येईल तो आकडा. लोक इथे चुकतात. फोन-बिसच्या मधे कधीकधी जास्त दिवस असतात, कारण प्रवास पुढेमागे झाला तर म्हणून थोडी मोकळीक देतात, पण राहता येतं ते आकड्याइतकेच दिवस. एका ओळखीच्या काकूंच्या स्टिकरवर १०५ दिवसांच्या तारखा होत्या आणि आकडा ९०, मुलगा तारखाच बघत बसला होता, बरं झालं महिनाभर आधी बोलणं निघालं.

मग एन्ट्री किती ते. ०१ असेल तर शेंगेनच्या बाहेर पाऊल टाकलं की व्हिसा संपला, मधेच लंडनच्या बहिणीकडे जाऊन परत येता येणार नाही. एमयूएलटी असेल तर जाता-येता येतं. नावाचं स्पेलिंग चुकलं असेल तर लगेच कळवा, निघायच्या आदल्या दिवशी नाही.

रिजेक्ट झाला तर अपील करता येतं का?

पूर्वी जर्मनीकडे रेमॉन्स्ट्राट्सिओन नावाची सोय होती, एक महिन्यात फेरविचाराचं पत्र फुकट देता यायचं. ती १ जुलै २०२५ पासून जगभर बंद झाली. नेटवर अजून जुनी माहिती फिरतेय, त्यावर वेळ घालवू नका. आता दोनच रस्ते, सुधारून नवा अर्ज किंवा बर्लिनच्या प्रशासकीय कोर्टात दावा. आई-बाबांच्या भेटीसाठी माझ्या मते नवा अर्जच बरा.

पण लगेच दुसऱ्या दिवशी तीच फाइल परत टाकू नका. ज्या कारणावर खूण आहे त्याचं उत्तर देणारा नवा कागद काय देणार, हे ठरल्याशिवाय अर्ज नको. आधीचा नकार लपवू नका, शेंगेनच्या सामाईक सिस्टिममध्ये तो ५ वर्षं दिसतो. लेटरमध्ये सरळ लिहा की आधी नाकारला होता, तेव्हा हे स्पष्ट झालं नव्हतं, आता हे जोडलंय. आणि आई-बाबांना समजावून सांगा की हा त्यांचा अपमान नाही, बाबांना हे मला दोनतीनदा सांगावं लागलं.

दरवेळी हे सगळं परत करायचं का? लांबचा व्हिसा मिळत नाही?

मिळतो. एप्रिल २०२४ मध्ये युरोपियन कमिशनने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी वेगळा नियम केला. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल मिळू शकतो, तो नीट वापरला की पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असेल तर. म्हणून पासपोर्ट संपत आला असेल तर आधी रिन्यू करा. आणि पाच वर्षांचा असला तरी ९०-१८० चा हिशोब तोच.

इथे आल्यावर मुदत वाढवता येते का?

भेटीसाठी नाही. नातवाला सोडवत नाही हे कारण चालत नाही, कितीही खरं असलं तरी. हॉस्पिटलात ॲडमिट असणं, विमानसेवाच बंद होणं अशी खरोखर हाताबाहेरची गोष्ट असेल तर मुदत संपायच्या आत आउसलेंडरबेहोर्डेत कागद घेऊन जा. बाळंतपणासाठी इथली बरीच जोडपी पाळ्या लावतात, आधी मुलीचे आई-बाबा, मग मुलाचे, म्हणजे बाळाचे पहिले सहा महिने कुणी ना कुणी घरात असतं. दोन्हीकडचे अर्ज वेगवेगळे, व्हीईचा विचार मात्र एकत्र करा, कारण हमी एकाच पगारावर आहे.

आई-बाबांना कायमचं आणता येतं का?

बरीच वर्षं उत्तर जवळजवळ नाहीच होतं. १ मार्च २०२४ पासून कायद्यात एक दार उघडलंय, ज्यांना ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचं परमिट) किंवा स्किल्ड वर्करचं परमिट पहिल्यांदा त्या तारखेला किंवा त्यानंतर मिळालंय त्यांचे आई-वडील येऊ शकतात, नवरा-बायको पण कायम इथेच असेल तर सासू-सासरे पण. त्याआधी आलेल्या माझ्यासारख्यांना हे लागू होत नाही, आणि याचं वाईट वाटतं कारण जुन्या लोकांचे आई-बाबाच जास्त म्हातारे झालेत. अटी दोन, खर्चाची पूर्ण सोय आणि इथला हेल्थ इन्शुरन्स. अडतं ते दुसऱ्यावर, ५५ च्या पुढच्या नव्याने आलेल्या माणसाला सरकारी विम्यात शिरणं फार अवघड आणि प्रायव्हेटचे हप्ते खूप. आधी विम्याचा लेखी आकडा हातात घ्या, मग अर्जाचं बघा.

एअरपोर्टवर काय विचारतात?

कुठे चाललात, किती दिवस, कोणाकडे. तुमचा पत्ता आणि फोन नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात जर्मनमध्ये लिहून द्या, सोबत इन्शुरन्स, व्हीईची कॉपी, परतीचं तिकीट. हे चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत. तीन महिन्यांची औषधं डॉक्टरच्या इंग्लिश प्रिस्क्रिप्शनसकट.

आईने खायचं काय काय आणायचं?

तूप, पेढे, खवा, पनीर नाही. बाहेरून दुधाचे आणि मटण-मांसाचे पदार्थ प्रवाशाला युरोपियन युनियनमध्ये आणता येत नाहीत. आंबे पण नाहीत, फळं-भाज्यांना फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला, लागतं, त्यातून सुटलेत ते फक्त अननस, केळी, नारळ, ड्युरियन आणि खजूर. कढीपत्ता नाही. गोडा मसाला, मेतकूट, चकली, चिवडा, कोकम, कुळथाचं पीठ खुशाल आणा. आईने डिंकाच्या लाडवांचा डबा भरला होता साजूक तुपातला, तो मी निघायच्या आदल्या रात्री फोनवर काढायला लावला, मग डिंक, खारीक, खोबरं वेगवेगळं आणलं आणि लाडू इथल्या लोण्याचं तूप कढवून इथेच वळले.

परत गेल्यावर काही करायचं असतं का?

वेळेत परतलेलं दिसणं हाच पुढच्या अर्जाचा सगळ्यात मोठा पुरावा. बोर्डिंग पासचे फोटो काढून ठेवा, जुना पासपोर्ट कितीही जुना झाला तरी टाकू नका. व्हीई, लेटर, भाषांतरं सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. बाबांनी सगळ्या कॉपी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याच्या फाइलमध्येच ठेवल्यात, कपाटात वरच्या कप्प्यात, पुढच्या वेळी शोधायला नकोत म्हणून.